बिलं नेमकी कुठे अडतात? खरेदी ते पेमेंट या प्रक्रियेचा डिजिटल ट्विन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण परिसरातली, वाहनांचे सुटे भाग बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. दोन प्लांट, काम सॅपवर (खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर). पुरवठादारांची बिलं वेळेत सुटत नाहीत. त्यातले बरेच जण लघुउद्योजक, त्यामुळे ४५ दिवसांत पैसे देण्याच्या नियमावरून आता सीएंनीही तगादा लावला आहे. एका सल्लागार कंपनीने ‘संपूर्ण कंपनीचा डिजिटल ट्विन’, म्हणजे कामकाजाची संगणकात चालवून बघता येणारी प्रतिकृती, करून देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. अकाउंट्स विभागाचं म्हणणं वेगळं: बिलं स्कॅन करून आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर घ्या आणि एक माणूस वाढवून द्या. पैसे कशात घालावेत?

माझं मत स्पष्ट आहे. संपूर्ण कंपनीचा ट्विन घेऊ नका. खरेदी ते पेमेंट या एकाच प्रक्रियेचा करा, आणि स्कॅनिंगचं व नव्या माणसाचं काय ते त्यानंतर ठरवा. एका बिलावर प्रत्यक्ष काम होतं ते काही मिनिटं. बाकीचे दिवस ते कुणाच्या तरी होकाराची, कुठल्या तरी दुरुस्तीची, नाहीतर पुढच्या पेमेंटच्या दिवसाची वाट बघत पडून असतं. हे पडून राहणं ट्विन उघड करतो आणि ते कशाने कमी होईल हे प्रत्यक्ष हात लावण्याआधी तपासू देतो. मी या कामात इतकी वर्षं आहे ती या एका गोष्टीसाठी.

आधी ट्विन म्हणजे काय एवढं बघू, कारण प्रस्तावांमध्ये हा शब्द कशालाही लावलेला असतो. कल्पना यंत्रांच्या जगातली. १९७० मध्ये अपोलो १३ अडचणीत आलं तेव्हा नासाच्या लोकांनी जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये यानाची तीच अवस्था उभी केली आणि अंतराळवीरांना सांगायच्या कृती आधी तिथे करून पाहिल्या. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात उत्पादनांसाठी याची मांडणी केली, आणि ‘डिजिटल ट्विन’ हे नाव २०१० च्या सुमारास नासामधून रुळलं. कार्यालयीन कामकाजाकडे ही कल्पना वळली ती प्रोसेस मायनिंगमुळे. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात विल व्हॅन डर आल्स्ट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर काम सुरू केलं. संगणकात पडलेल्या नोंदींवरून प्रक्रिया खरोखर कशी चालते ते काढायचं, हा त्याचा गाभा. म्युनिकमध्ये तीन विद्यार्थ्यांनी २०११ साली स्थापन केलेली सेलोनिस ही कंपनी याच विषयावर मोठी झाली.

प्रक्रियेच्या ट्विनमध्ये तीन गोष्टी लागतात: काय घडलं याची नोंद, त्या नोंदींवरून बांधलेलं आणि संगणकात चालवून बघता येणारं मॉडेल, आणि ते मॉडेल आजच्या परिस्थितीशी जोडलेलं ठेवण्याची सोय. पहिलीच गोष्ट असेल तर तो अहवाल झाला. दुसरी असून तिसरी नसेल तर तो एकदाचा अभ्यास झाला, आणि तोही पुष्कळदा पुरतो. फक्त रंगीत डॅशबोर्ड दाखवून कुणी ट्विन म्हणत असेल तर ‘यात काही बदलून पुढचे तीन महिने चालवून दाखवा’ एवढंच म्हणा. लगेच कळतं.

आता तुमच्या प्रक्रियेकडे येतो. नमुना म्हणून एक बिल घेऊ. माल ३ जुलैला, बुधवारी संध्याकाळी गेटवर आला. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) शुक्रवारी, ५ तारखेला झाला. क्वालिटीने ८ ला पास केला. बिल १० ला अकाउंट्सला मिळालं, १२ ला मिरो झालं, म्हणजे सॅपमध्ये नोंदलं गेलं, आणि तिथेच दरात फरक म्हणून ब्लॉक झालं, कारण स्टीलचा दर वाढवून मिळाल्याचं पत्र पुरवठादाराकडे होतं पण पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) जुनाच दर होता. ब्लॉक झालेल्या बिलांची यादी खरेदी विभागाने २२ ला उघडली. पीओ दुरुस्तीची विनंती २३ ला टाकली. प्लांट हेडने २९ ला व्हॉट्सअॅपवर ‘ओके’ लिहिलं, पण सिस्टीममधला रिलीज, म्हणजे मंजुरी, ५ ऑगस्टला झाला. अकाउंट्सने ब्लॉक काढला १४ ऑगस्टला, बुधवारी दुपारी. बुधवारचं पेमेंट रन (मोकळ्या झालेल्या बिलांचे पैसे एकदम सोडण्याचं काम) सकाळीच होऊन गेलं होतं. पैसे गेले २१ ला. माल गेटवर आल्यापासून ४९ दिवस.

या ४९ दिवसांत माणसांनी या बिलासाठी दिलेला वेळ मोजलात तर तासभरसुद्धा भरणार नाही. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरने यातलं काय वाचलं असतं? १० ते १२ जुलै मधले फार तर दोन दिवस. आणि बिल दोन दिवस आधी ब्लॉक झालं असतं तरी खरेदी विभागाने यादी २२ लाच उघडली असती. म्हणजे तेही वाचले नसतेच. उलट शनिवारी आणखी एक पेमेंट रन असतं तर पैसे १७ ऑगस्टला, बरोबर ४५व्या दिवशी गेले असते.

एका बिलावरून धोरण ठरवता येत नाही, हे खरं. म्हणूनच हजारो बिलांचा असा प्रवास एकत्र मांडायचा. प्रत्येक नोंदीत किमान तीन गोष्टी हव्यात: कुठलं प्रकरण, कुठली कृती, आणि ती केव्हा झाली. सॅपमध्ये हे बहुतेक सगळं मिळतं. पीओ ईकेकेओ आणि ईकेपीओ या टेबलांत, पीओवर पुढे काय काय झालं ते ईकेबीईमध्ये, बिलं आरबीकेपीमध्ये, आणि कुणी केव्हा काय बदललं ते सीडीएचडीआर आणि सीडीपीओएसमध्ये. तुमचे बेसिसचे, म्हणजे सॅपची तांत्रिक देखभाल करणारे लोक हे काढून देऊ शकतात. लहान कंपन्या मला विचारतात की आमचं सगळं टॅलीवर, आमच्याकडे असं काही निघेल का. थोडंफार निघतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल बंधनकारक झाला, त्यामुळे व्हाउचर केव्हा टाकलं आणि केव्हा बदललं हे आता तिथेही सापडतं.

पण इथे सावध राहा. या कामातली सगळ्यात मोठी चूक वेळेच्या नोंदीत होते. सॅपच्या कागदपत्रावर तीन तारखा असतात: बिलावरची किंवा चलनावरची (मालाबरोबर येणाऱ्या कागदावरची) तारीख, पोस्टिंगची तारीख, आणि प्रत्यक्ष नोंद टाकल्याची तारीख. पोस्टिंगची तारीख महिनाअखेरीला मागची टाकता येते आणि टाकलीही जाते. तिच्यावर ट्विन बांधला तर काही बिलं येण्याआधीच नोंदली गेल्यासारखी दिसतात. नोंद टाकल्याची तारीख आणि वेळ घ्या, म्हणजे सीपीयूडीटी आणि सीपीयूटीएम ही फील्ड.

तीही वेळ पूर्ण खरी नसते, आणि हे कळायला स्टोअर्समध्ये एक दिवस उभं राहावं लागतं. ट्रक सकाळी पावणेदहाला येतो. सिक्युरिटी गेट रजिस्टरमध्ये इनवर्ड नंबर टाकते, चलनावर शिक्का मारते. माल उतरतो, मोजला जातो, चलन क्लिपबोर्डला लागतं. दिवसभर लाइनला माल देण्याची धावपळ. संध्याकाळी पाचनंतर स्टोअर्सचा माणूस संगणकापुढे बसतो आणि दिवसभराची चलनं ओळीने मिगोमध्ये (सॅपच्या जीआरएन टाकण्याच्या स्क्रीनवर) टाकतो, एकेकाला तीन-चार मिनिटं. संगणकाच्या नोंदीत काय दिसतं? स्टोअर्स विभाग अतिशय चपळ आहे, एका जीआरएनला चार मिनिटं पुरतात. ट्रकपासून जीआरएनपर्यंतचे सात-आठ तास, आणि मध्ये सुट्टी आली तर दीड-दोन दिवस, कुठेच नाहीत. ट्विनला हे आपण सांगितलं नाही तर तो पूर्ण विश्वासाने चुकीचं उत्तर देईल. उपाय साधा आहे. इनवर्ड नंबर आणि गेटची वेळ जीआरएनच्या हेडरमध्ये टाकायची सवय लावा. गेटवर वेगळं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा डेटा जोडा, वजनकाट्याची पावती असेल तर तिच्यावरची वेळ घ्या.

हा गेटचा मुद्दा मी इतका लावून धरतो याला कायद्याचंही कारण आहे. एमएसएमईडी कायदा, २००६ (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) च्या कलम १५ नुसार लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण स्वीकृतीपासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. आणि स्वीकृतीचा दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोचल्याचा दिवस, जोवर तुम्ही १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतलेली नाही तोवर. म्हणजे कायद्याचं घड्याळ गेटवर सुरू होतं. तुमच्या अकाउंट्सचं घड्याळ बहुधा मिरोपासून सुरू होत असेल. वरच्या बिलात हा फरक नऊ दिवसांचा आहे. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी (एच) या तरतुदीने २०२४-२५ या आकारणी वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. तुमच्या सीएंचा तगादा त्यासाठीच आहे. कुठला पुरवठादार या व्याख्येत बसतो हे उद्यम नोंदणीवरून त्यांच्याकडूनच नक्की करून घ्या आणि ती खूण व्हेंडर मास्टरमध्ये (सॅपमधल्या पुरवठादारांच्या मूळ यादीत) टाका. ट्विनला ती लागेल.

नोंदींमध्ये आणखी एक गुंता आहे. एका पीओवर वीस वेळा माल येतो, आणि पुरवठादार महिन्याला एकच बिल पाठवून त्यात सहा चलनं घालतो. मग ‘प्रकरण’ कशाला म्हणायचं, पीओला, चलनाला की बिलाला? पीओला धरलंत तर सहा महिने चालणारा एक अगडबंब प्रवास दिसतो आणि त्यातून काही कळत नाही. तुमचा प्रश्न पैसे वेळेत जाण्याचा आहे, म्हणून बिलातली प्रत्येक ओळ हे प्रकरण धरा आणि तिला तिचं चलन जोडा. ऑब्जेक्ट-सेंट्रिक नावाची नवी पद्धत हे सगळे दुवे एकत्र सांभाळते आणि ती चांगली आहे, पण पहिल्याच कामात तिच्यामागे लागू नका.

नोंदी नीट झाल्या की नकाशा निघतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो धक्का देतो. एसओपीमध्ये (लेखी ठरवलेल्या कार्यपद्धतीत) सरळ आठ पायऱ्या असतात आणि प्रत्यक्षात शेकडो वाटा निघतात. व्यवस्थापनाची पहिली इच्छा होते की सगळ्या वाटा बंद करून एकच ठेवावी. तसं करू नका. त्यातल्या कित्येक वाटा कामाला धरून असतात: तातडीचा माल, नमुन्याचा माल, परत गेलेला माल. कुठल्या वाटेने बिल गेलं की उशीर होतो, तेवढंच शोधा. तुमच्यासारख्या कंपनीत ते उत्तर पुष्कळदा कच्च्या मालाच्या दराच्या दुरुस्तीपाशी येऊन थांबतं. वाहन उद्योगात स्टीलचे, अॅल्युमिनियमचे दर ठरावीक काळाने बदलून ठरतात आणि पुष्कळदा मागच्या तारखेपासून लागू होतात. दर ठरला, पत्र गेलं, पण पीओतला दर बदलायला वेळ गेला. त्या मधल्या काळात आलेलं प्रत्येक बिल मिरोवर ब्लॉक होणार हे ठरलेलंच. शिव्या मात्र अकाउंट्सला बसतात, कारण बिल त्यांच्या टेबलावर अडलेलं दिसतं. त्या विभागातल्या माणसांना हा नकाशा दाखवला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते मला या कामात फार मोलाचं वाटतं.

आता दुसरा भाग, म्हणजे मॉडेल चालवून बघणं. त्याआधी दोन साधे हिशेब कागदावर करा, कारण ट्विनचं उत्तर बरोबर आहे का हे त्यावरून ताडता येतं.

पहिला हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. पडून असलेल्या कामांची संख्या म्हणजे रोज येणारी कामं गुणिले प्रत्येकाला लागणारे दिवस. समजा रोज सरासरी ६० बिलं येतात आणि आत्ता ९०० बिलं पेमेंटविना पडून आहेत. म्हणजे एका बिलाला सरासरी १५ कामाचे दिवस लागताहेत. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. तुमचा ट्विन ११ दिवस म्हणत असेल तर नोंदींत कुठेतरी गळती आहे.

दुसरा हिशेब गर्दीचा आहे, आणि तो व्यवस्थापकांना पटवायला अवघड जातो. माणूस किती टक्के वेळ व्यग्र आहे यावर त्याच्यापुढची रांग ठरते, पण ती सरळ रेषेत वाढत नाही. कामाच्या येण्यात आणि लागणाऱ्या वेळेत साधारण चढउतार असतील तर ८० टक्के व्यग्रतेला रांगेतली वाट कामाच्या वेळेच्या चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. दहा मिनिटांच्या कामासाठी चाळीस मिनिटं, दीड तास आणि तीन तासांहून जास्त. म्हणजे अकाउंट्समधला माणूस ‘पूर्ण भरलेला’ असावा हा आग्रह धरला की बिलं अडणारच. आणि चढउतार वाढले की हे आकडे आणखी वाईट होतात. टोलनाक्यावर दिवसभर तेवढ्याच गाड्या सुटसुटीत आल्या तर रांग लागत नाही, रविवारी संध्याकाळी एकदम आल्या की मैलभर लागते; बिलांचंही तेच होतं. पुरवठादार महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत सगळी बिलं पाठवतात. त्यांना दर आठवड्याला बिल पाठवायला लावलं तर एकही माणूस न वाढवता रांग कमी होते. ही गोष्ट तोंडी सांगून पटत नाही. ट्विनमध्ये दोन्ही चालवून दाखवली की बैठकीतला वाद संपतो.

पेमेंट रनचंही तसंच. आठवड्यातून एकच रन असेल तर मोकळं झालेलं बिल सरासरी साडेतीन दिवस केवळ त्या दिवसाची वाट बघत बसतं. बुधवार आणि शनिवार असे दोन केले तर ते पावणेदोन दिवसांच्या आसपास येतं. बँक खात्यात पैसा असण्याचा प्रश्न वेगळा, आणि फायनान्सचे लोक तो लगेच काढतील, काढायलाच हवा. ट्विनमध्ये म्हणूनच रोज किती रक्कम बाहेर जाईल हेही मोजा. नुसते दिवस कमी करून दाखवलेत आणि रोख रकमेचं चित्र दिलं नाहीत तर फायनान्स हेड पहिल्याच बैठकीत प्रस्ताव बाजूला ठेवतील आणि त्यांचं चूक नसेल.

तुमच्यासाठी मी चार पर्याय चालवून बघेन. एक, स्कॅनिंग. दोन, अकाउंट्समध्ये एक माणूस. तीन, ठरावीक रकमेपर्यंतच्या दर-दुरुस्तीचा अधिकार प्लांट हेडऐवजी खरेदी व्यवस्थापकाकडे, आणि किरकोळ फरकासाठी टॉलरन्स (बिल ब्लॉक न होता चालणारा फरक) थोडा वाढवणं. चार, पेमेंट रन दोनदा आणि आठवड्याची बिलं. आधी एकेक, मग जोड्यांनी. जोड्या महत्त्वाच्या, कारण एक अडथळा मोकळा केला की गर्दी पुढच्या टेबलावर सरकते. कधी कधी दर-दुरुस्ती झटपट झाल्यावर मगच अकाउंट्सला खरंच माणूस लागतो असं दिसतं. तेव्हा तो द्या. तिसऱ्या पर्यायाबाबत इंटर्नल ऑडिटला सुरुवातीपासून बरोबर घ्या. अधिकार खाली दिला की गैरवापराची भीती त्यांना वाटणार, आणि ती रास्त आहे. खरेदी व्यवस्थापकाने केलेल्या दुरुस्त्यांची नमुना तपासणी दरमहा होईल असं आधीच लिहून ठेवलं की मार्ग निघतो.

मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा? मागचा काळ त्याला सांगता आला तर. एप्रिल ते डिसेंबरच्या नोंदींवरून ते बांधा आणि जानेवारी ते मार्चचं भाकीत करायला लावा, त्या तीन महिन्यांचा निकाल त्याला न दाखवता. मग खऱ्याशी ताडा. नुसती सरासरी जुळून उपयोग नाही. दहातली नऊ बिलं किती दिवसांत सुटली हा आकडाही जुळला पाहिजे, कारण तुमचा त्रास सरासरी बिलाचा नसून मागे राहिलेल्या त्या दहाव्या बिलाचा आहे. जुळत नसेल तर कारण शोधा. बहुतेक वेळा ते कॅलेंडरमध्ये सापडतं. परदेशी टूलमध्ये शनिवार-रविवार सुट्टी आधीच भरलेली असते. चाकण-भोसरीकडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तुमचं कॉर्पोरेट ऑफिस पुण्यात असेल तर त्यांची रविवारी, आणि बँका दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद. गुरुवारी प्लांट बंद आणि रविवारी ऑफिस बंद, म्हणजे होकार मागणारा आणि होकार देणारा दोघेही कामावर आहेत असे आठवड्यात पाचच दिवस उरतात. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांचं वेगळं. हे सगळं हाताने भरावं लागतं आणि ते भरल्यावर मॉडेल एकदम शहाणं होतं.

व्हॉट्सअॅपवरच्या होकाराचं काय, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. साहेब प्रवासात असतात, फोनवर ‘ओके’ लिहितात, आणि सिस्टीममधला क्लिक आठवड्याने होतो किंवा त्यांच्या वतीने दुसरंच कुणी करतं. ट्विनला फक्त क्लिक दिसतो. त्यामुळे साहेब आहेत त्याहून संथ दिसतात आणि पहिल्या सादरीकरणात रागावतात. सादरीकरणाच्या आधी त्यांना एकट्याने भेटून दाखवा, आणि मोबाइलवरून रिलीज करण्याची सोय सुरू करून द्या. सॅपमध्ये ती करता येते. तुमच्या बाबतीत या एका सोयीनेच कित्येक दिवस सुटले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

माणसांबद्दल एक गोष्ट मी तडजोड न करता सांगतो. नोंदींमध्ये प्रत्येक कृतीपुढे यूझर आयडी असतो. कुणाचं काम किती वेगाने होतं हे काढणं तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे, आणि कुणीतरी ते मागणारच. देऊ नका. नोंदी बाहेर काढतानाच आयडी झाका आणि भूमिका तेवढी ठेवा: स्टोअर्स, क्वालिटी, खरेदी, अकाउंट्स. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा डीपीडीपी कायदा आहे हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की मोजलं जातंय हे कळलं की लोक घड्याळ सांभाळायला लागतात. अवघड बिल उघडायचंच नाही, म्हणजे त्याची वेळ सुरू होत नाही. सोपी बिलं आधी उरकायची. सहा महिन्यांत नोंदी इतक्या बिघडतात की ट्विन निरुपयोगी होतो, आणि विभागातला विश्वास जातो तो वेगळाच. काम सुरू करण्याआधी चारही विभागांच्या लोकांना एकत्र बसवून काय मोजणार आणि काय मोजणार नाही हे स्वच्छ सांगा. स्टोअर्सच्या माणसालाही बोलवा. गेटपासून जीआरएनपर्यंतचं खरं काय ते त्यालाच माहीत असतं.

आजच्या परिस्थितीशी जोडणं हा तिसरा भाग, आणि सल्लागार सगळ्यात महाग विकतात तो हाच. क्षणाक्षणाचा डेटा तुम्हाला लागत नाही. रोज रात्री एकदा नोंदी आल्या तरी भरपूर झालं. त्यातून सकाळी एक यादी निघावी: आजच्या गतीने चाललं तर कुठली बिलं ४५ दिवस ओलांडतील, त्यातली लघुउद्योजकांची कुठली, आणि प्रत्येक बिल कुणाच्या टेबलावर थांबलं आहे. ही यादी तीसएक ओळींची असावी. खरेदीचा एक आणि अकाउंट्सचा एक माणूस रोज सकाळी दहा मिनिटं तिच्यावर बसला तर ब्लॉक झालेलं बिल दहा-दहा दिवस कुणी उघडलंच नाही असं होणार नाही.

टूलबद्दल फार लिहीत नाही. सेलोनिस, सॅपने २०२१ मध्ये घेतलेलं सिग्नाव्हिओ ही मोठी नावं. पहिल्या कामासाठी पायथॉन जाणणारा एखादा हुशार इंजिनिअर असेल तर पीएम4पाय आणि सिमपाय या मुक्त लायब्ररींवर नकाशा आणि मॉडेल दोन्ही होतात. तुमच्या दोन प्लांटच्या पसाऱ्याला ते पुरेसं आहे. दोन-तीन प्रक्रिया अशा करून झाल्या आणि उपयोग दिसला की मग परवान्यांचा विचार करा.

काही ठिकाणी मात्र ट्विन करूच नका. महिन्याला पंधरा-वीसच प्रकरणं येतात अशी प्रक्रिया, उदाहरणार्थ नव्या मशीनची खरेदी. तिथे फायली काढून वाचल्या तरी सगळं कळतं. जिथे काम संगणकाबाहेरच होतं, तिथेही नको. आणि येत्या वर्षभरात तुम्ही एस/4हानावर (सॅपच्या नव्या आवृत्तीवर) जाणार असाल तर नोंदींचा अभ्यास जरूर करा, कारण जुनी गुंतागुंत नव्या सिस्टीममध्ये नेणं त्याने टळतं; रोजच्या जोडणीवर मात्र आत्ता खर्च करू नका, ती पुन्हा बांधावी लागेल.

सल्लागार कंपनीला आता काय कळवायचं? त्यांचा प्रस्ताव एका प्रक्रियेपुरता आणि दोन टप्प्यांत मागा. पहिल्या टप्प्यात नोंदी, नकाशा आणि मागच्या तिमाहीचं भाकीत. ते भाकीत खऱ्याशी जुळलं तरच दुसरा टप्पा आणि त्याचे पैसे. त्यांचा एक माणूस किमान दोन दिवस तुमच्या गेटवर आणि स्टोअर्समध्ये बसेल अशी अट घाला. ज्यांना ती नकोशी वाटते त्यांना काम देऊ नका. नोंदी काढण्याचे प्रोग्राम, मॉडेल आणि कॅलेंडरसकट सगळं तुमच्या मालकीचं राहील, तुमच्या एका माणसाला ते चालवायला शिकवतील, आणि पुरवठादारांचे दर तुमच्या सर्व्हरबाहेर जाणार नाहीत, हे पीओमध्येच लिहून घ्या. अकाउंट्स विभागाला सांगा की माणसाची मागणी फेटाळलेली नाही, चार पर्यायांत तीही आहे आणि निकाल सगळ्यांसमोर येईल. आणि सल्लागार ठरेपर्यंत थांबायचं कारण नाही: गेटची वेळ जीआरएनमध्ये टाकणं उद्यापासून सुरू करता येईल.